मुकी नळी

१

लोक अजूनही जुनी सायकल घेऊन माझ्या दुकानाशी येतात. म्हणतात, "कारभारी मिस्त्री, जरा वाजवून सांगा, केवढ्याला घेऊ?" मी सांगतो, पंक्चर काढून देईन, चाक सरळ करून देईन, किंमत करत नाही. नवा माणूस चिडतो. जुने म्हणतात, म्हातारा सटकलाय. का करत नाही ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण तसा शब्द दिला होता. ज्या बाईसाठी शब्द दिला ती गेल्या पौषात गेली. आता सांगतो.

चव्वेचाळीस सालचा कार्तिक. लढाई चालू होती आणि नवी सायकल डोळ्यांनी दिसायची मारामार. तेव्हा माळीवाडा वेशीजवळच्या माझ्या दुकानात माणसं नाडी दाखवायला वैद्याकडे जावीत तशी सायकली घेऊन यायची. चांगल्या पोलादाची फ्रेम पान्यानं ठोकली की खणखणते. मोडून सांधलेली असेल तर बसका आवाज येतो. नगरात माझ्याइतका कान कुणाला नाही असं लोक म्हणत, आणि लोकांपेक्षा जास्त वेळा मीच म्हणत असे.

त्या कार्तिकात नेवाशाच्या एका सरकारी कचेरीतून मला पत्र आलं. कचेरीचं नाव घेत नाही. वर्षापूर्वी त्यांनी सव्वाशे रुपयांना एक विलायती सायकल घेतली होती आणि ती गावोगाव हिंडून देवी टोचणाऱ्या सूर्यभान नावाच्या नोकराला दिली होती. ती पाहून किंमत करावी, म्हणून मला बोलावलं होतं. खाली हेडक्लार्क नृसिंहरावांनी स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली होती: 'मूळची फ्रेम काढून दुसरी घातल्याचा संशय आहे. संशयित इसम समोर हजर राहील.'

२

कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं चार ठिकाणी थांबत मला नेवाशाला पोचवलं तेव्हा बाजार भरला होता. कचेरीच्या ओट्यावर सायकल उभी. खाली पन्नास-साठ माणसं फुकटचा तमाशा बघायला जमलेली.

नृसिंहराव सडसडीत, मोजकं बोलणारे. म्हणाले, "मागच्या पंधरवड्यात ही ओट्यावरून पडली. नवी आणली तेव्हाही एकदा पडली होती. तेव्हा घंटेसारखी वाजली होती. या खेपेला पोतं पडावं तसा आवाज आला. मला यातलं कळत नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं."

माणूस खोटा वाटला नाही. आजही वाटत नाही.

मी बाह्या सारल्या. पान्यानं आडवी नळी ठोकली. वाजली, पण मोकळी नाही. मग सीटखालची उभी नळी ठोकली. मुकी. पुन्हा ठोकली. मातीच्या भिंतीवर टिचकी मारावी तसं झालं. गर्दी गप्प झाली, आणि मला ते आवडलं.

मग काटा मागवून सायकल टांगली. या जातीची सायकल मी पूर्वी तीनदा तोललेली होती. ही पाव शेराहून जास्त जड भरली. मग सीटचा नट सैल करून सीट खाली दाबली, तर ती दोन बोटंसुद्धा उतरेना. आत कशाला तरी अडत होती.

तिन्ही गोष्टींचा अर्थ माझ्या धंद्यात एकच. मोडलेली नळी सांधताना आत दुसऱ्या नळीचा तुकडा सरकवतात आणि वरून पितळ वितळवून जोड भरतात. अशी नळी वाजत नाही, जड होते, आणि सीटचा दांडा त्या तुकड्याला अडतो.

एक गोष्ट मात्र खटकली. नळीवरचा काळा रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा कारखान्यातल्याच वाटत होत्या, कुठे खरवड नाही, फुगा नाही. मी मनात म्हटलं, रंगारी पक्का दिसतोय.

तेवढ्यात नृसिंहराव कानाशी लागले. "इथल्या पुंजाराम सायकलवाल्याच्या दुकानात बघून या. तिथे आढ्याला एक सुटी फ्रेम टांगलेली आहे. अगदी हीच जात."

३

पुंजारामाचं दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी. फ्रेम खरंच आढ्याला होती, पोत्यात अर्धी गुंडाळलेली. विलायती, त्याच जातीची.

"कुठनं आणली रे?"

"घेतली."

"कुणाकडनं?"

पुंजाराम चाकाच्या तारा उगाच आवळत बसला. चांगला पन्नाशीचा माणूस, पण कपाळाला घाम फुटला. "मिस्त्री, तुमी काय बी इचारा, त्ये इचारू नका."

"सूर्यभानची सायकल इथं येते का?"

"येती. पंक्चरला."

मला आणखी काय हवं होतं. परत ओट्यावर आलो आणि सूर्यभानला समोर घेतलं. तिशीचा, बुटका, सातवी पास झालेला, धुतलेला पण ठिगळ लावलेला कोट. बोलताना शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचा आणि मधेच गावाकडचं निसटायचं.

"सायकलीला काही झालं होतं? पडली, मोडली?"

"मोडली न्हाई. फक्त एक होतं. सीट वर येते."

"म्हणजे?"

"दोन-चार महिने झाले. महिन्याकाठी बोटभर वर आलेली दिसते. पाय पुरत नाहीत म्हणून मी वरनं ठोकून बसवतो. पुन्हा महिन्यानं तेच."

मी हसलो. गर्दीकडे वळून म्हणालो, "ऐका. सीट दामटून दामटून खाली जाते हे मी जन्मभर पाहिलं. वाफ्यातल्या मुळ्यासारखी वर येणारी सीट आजच ऐकतोय." माणसं खो खो हसली. सूर्यभानचे कान लाल झाले.

पायरीवर त्याची आई बसली होती, झुंबरबाई. विटकं लुगडं, कपाळ मोकळं, हातात पोराच्या लसीची पेटी धरलेली. मी तिलाही विचारलं, "सायकल कुणाला वापरायला दिली होती का?"

"न्हाई बा. माझ्याबिगर घरात तिला कोन हात लावीत न्हाई. अमुशाला धुती, पुसती, हळदकुकू वाहाती."

"सायकलीला?"

"मंग? तीच त्येला देवीच्या गावात न्हेती. ज्या गावात देवीचा फेरा, थितं ह्यो जानार. लोक म्हनत्यात, देवीच्या वाटंत आडवा जानाऱ्याला ती सोडीत न्हाई. आईचं काळीज हाय, बाबा. म्हून म्या..."

एवढं बोलून तिनं पोराकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. सूर्यभान खाली मान घालून म्हणाला, "आई, तसलं इथं नको." गावोगाव फिरून तो लोकांना सांगायचा, अंगारे-धुपारे सोडा, लस टोचून घ्या. चारचौघांत आईचं बोलणं ऐकून त्याला शरम वाटली असावी.

मी मात्र वेगळंच वाचलं. म्हातारीला काहीतरी माहीत आहे आणि ती पोराला झाकतेय.

४

"मिस्त्री," सूर्यभान म्हणाला, "एवढी शंका आहे तर सीट पुरती उपसून नळीत बघा की."

पाना माझ्या हातात होता. नट आधीच सैल केलेला. दांडा उपसायला मला चार पळंसुद्धा लागली नसती. पण साठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि ती माझा कान बघायला आली होती. मी म्हणालो, "कान शाबूत असताना डोळ्यांना कशाला त्रास?"

पुन्हा हशा झाला. त्या हशानं माझी छाती फुगली, हे सांगतानाही जीभ कडू होते.

मी निकाल दिला. फ्रेम मूळची नाही. मोडून सांधलेली जुनी फ्रेम नवीसारखी रंगवून घातली आहे. मूळची फ्रेम कुठे असावी ते पुंजारामाच्या आढ्याकडे बघून कचेरीनं ठरवावं. आजची किंमत रुपये पस्तीस. खाली सही केली, कारभारी मिस्त्री, माळीवाडा.

नृसिंहरावांनी एकदाच विचारलं होतं, "नंबर ताडता येईल का? आमच्या दप्तरात नोंद नाही, पण नगरला ज्या दुकानातून घेतली तिथे पावतीपुस्तक असेल." ते दुकान कापड बाजारात, माझ्या दुकानापासून पाऊण मैलावर. मी म्हणालो, शितावरून भाताची परीक्षा होते, साहेब, अख्खं पातेलं चिवडायचं कारण नाही.

सूर्यभानची नोकरी त्या आठवड्यात गेली. पुंजारामावर काही सिद्ध झालं नाही, कारण त्याच्या फ्रेमवर कुणी हक्क सांगू शकलं नाही. सूर्यभान गाव सोडून गेला असं कानावर आलं. सायकल कचेरीच्या कोठडीत पडून राहिली.

सव्वा वर्षानं, शेहेचाळीसच्या जानेवारीत, कचेरीनं मोडीचा लिलाव केला. मला चाकं हवी होती. बोली पस्तीसवर थांबली, माझ्याच किमतीवर. मी ती सायकल घेऊन दुकानात आलो, फडकं अंथरलं, सीटचा दांडा उपसला आणि जोड कुठवर आहे ते बघायला सायकल उलटी केली.

नळीतून तांदूळ पडले.

५

आधी तांदूळ, हळदीनं पिवळे झालेले. मग राखाडी अंगारा. मग माती, परत अंगारा, परत तांदूळ. थर लावून भरल्यासारखं. ठोकत गेलो तसतसं येत गेलं. ओंजळभर ढीग झाला. शेवटी तळाला बसवलेला बोळा काडीनं ओढून काढला. तो हिरव्या खणाचा तुकडा होता, देवीच्या ओटीतला असतो तसला.

मी नळीत बोट घातलं. आत जोड नव्हता. तुकडा नव्हता. भिंत गुळगुळीत.

मग पाना घेऊन उभी नळी ठोकली. अशी वाजली की शेजारचा शिंपी मान वर करून बघायला लागला. मी खाली बसलो.

तिथेच बसून सगळं जुळत गेलं. नळी मुकी का, तर पोटात माती. वजन जास्त का, तर तेच. सीट खाली का उतरेना, तर तेच. आणि महिन्याकाठी सीट वर का यायची? कुणीतरी महिन्यातून एकदा सीट काढून आणखी थोडं आत घालत होतं, आणि सीट परत लावताना ती तेवढी वर बसत होती. महिन्यातून एकदा. अमुशाला धुती, पुसती. रंग कारखान्याचा वाटत होता, कारण तो कारखान्याचाच होता.

पोरगा अगदी खरं बोलत होता, आणि मी त्याला मुळ्याच्या वाफ्यात उभा केला होता.

पण आणखी एक धागा सुटा होता. पुंजारामाची फ्रेम.

६

आधी कापड बाजारात गेलो. दुकानदारानं पावतीपुस्तक काढून दिलं. सायकल उलटी केल्यावर पायडलच्या दांड्याखाली जो नंबर दिसतो, तोच पावतीवर होता. पाच मिनिटांचं काम. सव्वा वर्षापूर्वीही पाच मिनिटांचंच होतं.

मग नेवाशाला. पुंजाराम आता बोलला. "लढाई संपली, आता काय लपवू? भिंगारच्या कँपातल्या एका शिपायानं दिल्ती. लष्करातला माल. त्या वक्ताला नाव घेतलं आस्तं तर दोघंबी आत गेलो आस्तो. म्हून गप ऱ्हायलो. वाटलं, सूर्यभान निर्दोष हाय, सुटंल आपसूक." त्याला मी कुठल्या तोंडानं दोष देणार होतो?

शेवटी झुंबरबाईच्या दारात गेलो. ती दाणे निवडत होती. तिनं मला ओळखलं, तरी 'या' म्हणाली. पाणी दिलं. मी विचारलं, "सायकलीच्या नळीत काय घालत होतात?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. "सूर्यभानाला सांगू नका हां. वेशीबाहीरच्या देवीचा अंगारा, तिच्या फुडची माती, चार अक्षता. दर अमुशाला थोडं थोडं. देवी त्येच्यासंगंच बसली तर त्येला कशाला धरंल?"

"सीट कशी काढत होतात?"

"सीटाखालच्या कातड्याच्या पिशवीत पाना आस्तो की. जात्याचा खुटा ठोकून ठोकून हात घट झाल्यात माजं, येक नट काय जड हाय? त्येला कळलं आस्तं तर लई चिडला आस्ता. म्हून त्या दिशी तुमच्याम्होरं बोलता बोलता ऱ्हायले."

"आणि नोकरी गेली त्याची..."

"माणसाच्या कागाळीनं गेली. जाऊ द्या. पन त्या साली गावंच्या गावं देवीनं फोडून निगाली आन माज्या लेकराच्या अंगाव येक फोड न्हाई. कशामुळं? त्या अंगाऱ्यामुळं." तिचा चेहरा उजळला होता. "येवढं तरी म्या त्येच्यासाटी केलं."

मी सगळं कबूल करायला आलो होतो. जिभेच्या टोकावर होतं. तिच्या तोंडाकडे बघून ते गिळलं, आणि विचारलं, सूर्यभान कुठे आहे?

७

सूर्यभान श्रीगोंद्याकडे एका गुऱ्हाळावर चुलाणात चिपाड घालत होता. लस टोचणारा माणूस, अंगावर फक्त लंगोटा आणि काजळी. मला पाहून त्यानं हात थांबवला नाही.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नंबर, पुंजारामाची फ्रेम, तांदूळ, अंगारा, खणाचा तुकडा. म्हणालो, पत्र लिहून आणलंय, माझी चूक झाली असं स्वच्छ लिहिलंय, उद्या कचेरीत देतो, तुझी नोकरी परत मागतो.

त्यानं चिपाडाची आणखी एक पेंढी चुलाणात सारली. मग म्हणाला, "पत्रात नळीत काय होतं ते लिहिलंत?"

"लिहावं लागणार. नाहीतर कोण मानेल?"

"मग ते आईला बोलावतील. कुणी घातलं, का घातलं, विचारतील." त्यानं कपाळ पुसलं, काजळी आणखी पसरली. "तिला वाटतंय तिनं मला वाचवलं. तिच्याच हातानं माझी नोकरी गेली हे कळलं तर ती जगायची न्हाई, मिस्त्री. देऊ नका पत्र."

"लोक तुला चोर म्हणतात."

"म्हनू द्या. आई हाय तवर कुणाला बोलू नका. शब्द द्या."

मी दिला. सायकल बरोबर नेली होती, ती त्याच्यापुढे केली. लिलावाची पावतीही दिली; माझ्या नावावर आहे, कुणी विचारलं तर दाखव, म्हणालो. त्यानं नळी ठोकून पाहिली. ती खणखणली, तसा तो दचकला.

"ते कुठं हाय, आतलं?"

मी फडक्यात बांधून आणलं होतं.

"भरा परत. मी घरी गेलो की ती सीट काढून बघनार."

गुऱ्हाळाच्या उजेडात, त्याच्यासमोर बसून, मी खणाचा बोळा नळीत सारला आणि वरून मूठ मूठ अंगारा घातला. आयुष्यात मी पुष्कळ चांगल्या सायकली दुरुस्त केल्या. चांगली सायकल हातानं बिघडवली ती तेवढीच एक. त्या दिवसापासून मी किमती करायचं सोडलं.

८

गेल्या पौषात झुंबरबाई गेली. तेरावं झाल्यावर सूर्यभान त्याच सायकलीवरून माझ्या दुकानात आला. केस पांढरे व्हायला लागले होते. म्हणाला, "आता काढा."

मी सीट काढून सगळं बाहेर ओतलं. आधीच्या ढिगापेक्षा हा मोठा होता. म्हातारीनं चार वर्षांत भर घातली होती. त्यानं ते पंच्यात बांधून घेतलं, नेवाशाला प्रवरेत सोडायला.

मी जुनं पत्र पेटीतून काढून पुढे केलं. त्यानं हात लावला नाही. "नोकरीचं वय गेलं माझं. कागद कोण वाचतंय? ज्या ओट्यावर बोललात त्याच ओट्यावर बोला. बाजाराच्या दिवशी. आईचं नाव घेऊ नका."

तसं केलं. नृसिंहराव केव्हाच बदलून गेले होते. नव्या क्लार्कानं ओट्यावर उभं राहायला मनाई केली नाही. माणसं जमली, तेवढीच, पन्नास-साठ. मी म्हणालो, पाच वर्षांपूर्वी इथे मी ही सायकल वाजवली आणि या माणसाला चोर ठरवला. याची फ्रेम बदललेली नव्हती. नळीत देवीचा अंगारा होता. यानं मला उघडून बघ म्हणून सांगितलं होतं, आणि मी ऐटीत उघडून बघितलं नाही. नंबर जुळतो. सूर्यभान चोर नाही. चूक माझी.

मागच्या रांगेत एकानं दुसऱ्याला विचारलं, "कोन सूर्यभान?" दुसरा म्हणाला, "आरं त्यो न्हाई का, सायकलचोर. त्येचंच कायतरी सांगतंय म्हातारं." सूर्यभान माझ्याशेजारी उभा होता. त्याला ऐकू गेलं. मलाही गेलं. माझा कान अजून चांगला आहे.

मी आणखी मोठ्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग लोकांची खात्री व्हावी म्हणून पाना घेतला आणि उभी नळी ठोकली. तो आवाज बाजाराच्या पार टोकाला गेला. माणसं खरोखर गप्प झाली. मला वाटलं, आता पटलं.

पुढच्या रांगेतला पागोटंवाला पायरी चढून वर आला. नळीवरून हात फिरवला, चाक फिरवून पाहिलं.

"आवाज झकास हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "इकायची का? किंमत काय करता?"

त्याच्यामागून आणखी दोघे वर आले. एक ब्रेक दाबून बघायला लागला. सूर्यभाननं त्याचा हात हळूच बाजूला केला, पंच्याची गाठोडी हँडलला अडकवली आणि सायकल पायऱ्यांवरून उतरवून नदीकडे निघाला. मी पाना खिशात घातला आणि त्याच्या मागून चालू लागलो.